वायर कुठे चुकली, हे दिवाच सांगतो

इंडिकेटरच्या स्विचला त्याच्या मूळ कामापुरत्या तीन वायरी लागतात. एक दिव्यांची उघडझाप करणाऱ्या फ्लॅशरकडून करंट आणणारी, एक डावीकडच्या दिव्यांकडे जाणारी आणि एक उजवीकडच्या. जुन्या प्रीमियर पद्मिनीत नवा स्विच बसवताना या तीन वायरी तीन टर्मिनलांना किती प्रकारे जोडता येतील? सहा. त्यातला एक प्रकार बरोबर, बाकी पाच चूक. इथवर शाळेतलं गणित झालं. मी थक्क होतो ते पुढच्या गोष्टीने. या सहाही प्रकारांत गाडी वेगवेगळी वागते, एकाचं लक्षण दुसऱ्याशी जुळत नाही. स्टेअरिंग न उघडता, एकही वायर न बघता, दांडी एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे करायची आणि कोणते दिवे लुकलुकतात ते बघायचं. बल्ब शाबूत असतील तर आत कोणती वायर कुठल्या टर्मिनलला बसली आहे, ते तेवढ्यावरून नेमकं सांगता येतं.

या कोड्याला धाराशिव जिल्ह्यातलं येडशी फार शोभतं. सोलापूर-धुळे हमरस्ता आणि बार्शी-लातूर रस्ता इथे एकत्र येतात. सोलापूरकडून आलेल्या गाडीला डावीकडे बार्शी, उजवीकडे लातूर, आणि सरळ गेलं की तेरखेडा, पुढे बीड. ऊस भरलेले ट्रॅक्टर, एस.टी., कंटेनर, मोटारसायकली, सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: पुढचा कुठे वळणार? अशा ठिकाणी पद्मिनीच्या मागच्या कोपऱ्यातला तो छोटा पिवळा दिवा ड्रायव्हरच्या मनातली गोष्ट सगळ्या रस्त्याला सांगतो.

रेल्वेला हे सांगावं लागत नाही. रुळांचा सांधा ज्या बाजूला बसवला, त्या बाजूला गाडी जाते. येडशीने हे शंभराहून अधिक वर्षं पाहिलं आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे १८९७मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी धावू लागली. रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. ती टप्प्याटप्प्याने वाढत येडशीवरून १९११मध्ये लातूरला पोचली. आता तिथे ब्रॉडगेज आहे. रस्त्यावरच्या गाडीचा सांधा मात्र ड्रायव्हरच्या डोक्यात असतो, मागच्याला तो दिसत नाही.

या रेल्वेचा आणि पद्मिनीचा संबंध आहे, आणि तो मला फार आवडतो. सोलापुरात १८८२मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत कंत्राटदारीत उतरले ते बार्शी लाइट रेल्वेच्या कामातून. पुढे त्यांनी जहाजं, विमानं, साखर अशा कितीतरी उद्योगांत हात घातला, आणि १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या परवान्याखाली डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या जुळवल्या जात. मग इटलीच्या फियाटशी करार झाला, ‘फियाट ११००’ आली, आणि १९७०च्या दशकात तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती देशाला माहीत झाली. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा भरल्यामुळे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. खासगी मालकीच्या पद्मिनी मात्र अजून हौसेने सांभाळल्या जातात. त्यांच्यात सगळ्यात आधी जे झिजतं, त्यात इंडिकेटरची दांडी येते. दिवसातून कितीदा ती खाली-वर होते, त्याचा हिशेब कोण ठेवतो!

दिवे नव्हते तेव्हा हात होता. १९८९च्या रस्ता-नियमांतसुद्धा हाताच्या खुणा सविस्तर दिलेल्या होत्या. उजवीकडे वळायचं तर उजवा हात खिडकीबाहेर आडवा, तळवा पुढे. डावीकडे वळायचं तर तोच उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. हातानंतर दाराशेजारच्या खांबातून बाहेर उघडणारा, आतून उजळणारा बाण आला. मॉरिस मायनरला असे बाण १९६१पर्यंत होते. अमेरिकेत ब्यूकने १९३९च्या गाड्यांना मागे लुकलुकणारे दिवे दिले, आणि ती कल्पना जगभर टिकली. टिकण्याचं कारण आपल्या डोळ्यात आहे. नजरेच्या कडेला आपल्याला बारकावे दिसत नाहीत, रंगही नीट कळत नाहीत, पण बदल लगेच टिपला जातो. स्थिर दिवा कडेला हरवतो, उघडझाप करणारा लक्ष खेचून घेतो. त्याचा वेगही ठरलेला आहे, मिनिटाला साधारण ६० ते १२० वेळा. यापेक्षा सावकाश झाला तर मागच्याला कळायला उशीर होतो, फार जलद झाला तर तो जळतच राहिल्यासारखा दिसतो.

(आपल्या हमरस्त्यांवर ट्रकवाले उजवा इंडिकेटर देऊन ‘या पुढे’ असंही सांगतात. सौजन्य मोठं, पण धोका त्याहून मोठा. तोच दिवा ‘मी उजवीकडे वळतोय’ असंही सांगत असतो, आणि मागच्याने दोन्हीपैकी काय समजायचं?)

आता ही उघडझाप कोण करतं ते बघू. डॅशबोर्डच्या खाली अंगठ्याएवढी एक गोल डबी असते, तो फ्लॅशर. जुन्या प्रकारात त्यात ना चिप, ना मोटर. आत पातळ स्टीलचं एक पान असतं आणि धातूची एक बारीक फीत त्याला वाकवून ताणून धरते. दांडी टाकली की दिव्यांचा सगळा करंट या फितीतूनच जातो. पुढचा आणि मागचा असे २१-२१ वॉटचे दोन दिवे म्हणजे १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर. तेवढ्या करंटने फीत तापते, लांबते, ताण सैल होतो आणि पान ‘टक्’ करून सरळ होतं. संपर्क तुटतो, दिवा विझतो. करंट थांबल्यामुळे फीत थंड होते, आखडते, पानाला पुन्हा वाकवते. ‘टक्’, दिवा लागतो. गाडीत बसल्यावर ऐकू येणारा तो टकटक आवाज म्हणजे स्टीलच्या त्या पानाची हालचाल. धातू तापतो आणि निवतो, यावरच मिनिटाला ऐंशी-नव्वद ठोके मोजले जातात.

त्यामुळे हा फ्लॅशर दिव्यांवर पहाराही देतो. एक बल्ब गेला की करंट निम्मा होतो आणि फीत पुरेशी तापत नाही. दिवा मग लुकलुकत नाही, नुसता जळत राहतो, किंवा अगदी रेंगाळत उघडझाप करतो. ड्रायव्हरला आवाजाच्या बदलावरूनच कळतं. हौशी लोक बल्ब काढून एल.ई.डी. बसवतात तेव्हाही हेच होतं. एल.ई.डी. इतका कमी करंट घेतो की फितीला ऊब मिळत नाही. लोक नव्या स्विचला दोष देतात, आणि बिचारा स्विच आपलं काम चोख करत असतो. अशा वेळी कमी करंटवरही चालणारा, एल.ई.डी.साठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवावा लागतो. साध्या बल्बांसाठीच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरचा स्वभाव मात्र फितीच्या नेमका उलटा, बल्ब गेला तर तो दुप्पट वेगाने टकटकतो.

स्विचकडे येऊ. त्याची आतली रचना अगदी साधी आहे. तीन टर्मिनलं: एक मधलं, एक डावं, एक उजवं. दांडी डावीकडे गेली की मधलं आणि डावं जोडलं जातं, उजवीकडे गेली की मधलं आणि उजवं. मध्ये असली की काहीच जोडलेलं नसतं. करंटची वायर मधल्या टर्मिनलवर हवी, दिव्यांच्या वायरी दोन बाजूंना. हे झालं बरोबर.

दोन बाजूंच्या वायरी उलट बसल्या तर डावी दांडी उजवे दिवे लावते आणि उजवी दांडी डावे. ही चूक सगळ्यांना ओळखता येते. पण समजा करंटची वायर डाव्या टर्मिनलवर गेली आणि डाव्या दिव्यांची मधल्यावर. दांडी डावीकडे केली तर मधलं आणि डावं जोडलं जातं, म्हणजे करंट आणि डावे दिवे एकत्र येतात. डावा इंडिकेटर झकास चालतो! दांडी उजवीकडे केली की स्विच डाव्या दिव्यांना उजव्या दिव्यांशी जोडतो, आणि दोन्हींकडे करंट नाही. सगळं गप्प. बघणाऱ्याला वाटतं, डावं तर चालतंय, म्हणजे जोडणी बरोबर आहे, उजवे बल्ब गेले असतील. बल्ब बदलले जातात, होल्डर घासले जातात, आणि बिघाड जागच्या जागी. याच्या आरशातलं रूप म्हणजे उजवा चालतो आणि डावा गप्प. तिथे करंट उजव्या टर्मिनलवर असतो.

उरले दोन प्रकार. त्यांत तिन्ही वायरी आपापली जागा सोडून बसलेल्या असतात. यांची लक्षणं सगळ्यात विचित्र: एका बाजूला दांडी केली की काहीच होत नाही, आणि दुसऱ्या बाजूला केली की उलटे दिवे लागतात. उजवीकडे दांडी केल्यावर डावे दिवे लुकलुकले आणि डावीकडे केल्यावर शांतता, तर करंटची वायर उजव्या टर्मिनलवर, डाव्या दिव्यांची मधल्यावर आणि उजव्या दिव्यांची डाव्यावर आहे. दुसरा प्रकार याच्या उलट. कागदावर तीन टिंबं काढून करून बघा, प्रत्येक वेळी उत्तर एकच येतं.

आणखी एक बारकी गोष्ट. या सहापैकी एकाही प्रकारात फ्यूज उडत नाही. करंटची वायर कुठेही लावली तरी ती एकतर मोकळी राहते नाहीतर दिव्यापर्यंत पोचते, थेट बॉडीला कधीच टेकत नाही. म्हणून फ्यूज उडाला तर समजावं, या तिघींत चौथी वायर घुसली आहे. पुष्कळ जुन्या गाड्यांत हॉर्नचं बटण आपल्या वायरला बॉडीशी जोडतं. हॉर्न दाबताक्षणी इंडिकेटरचा फ्यूज उडाला, तर कोणती वायर कुठे शिरली ते उघड आहे.

बसवण्याआधीच खात्री करायची तर मल्टिमीटर बीपवर ठेवून सुटा स्विच तपासावा. दांडी डावीकडे करून ज्या दोन वायरींत बीप येतो त्या बघाव्यात, मग उजवीकडे करून. दोन्ही वेळा जी वायर जोडीत असते ती करंटची. गाडीच्या बाजूने येणाऱ्या वायरींना, बॅटरीपासून पाच अँपिअरचा फ्यूज घालून घेतलेली तार एकेक करून टेकवावी. जे दिवे लागतील त्यांची ती वायर. वायरीच्या रंगांवर मी विसंबणार नाही. अँबॅसेडरची आजी असलेल्या मॉरिस ऑक्सफर्डसारख्या ब्रिटिश गाड्यांत लुकासची रंगपद्धत होती. तिच्यात डावा इंडिकेटर म्हणजे हिरव्यावर लाल रेघ, उजवा म्हणजे हिरव्यावर पांढरी. फियाटची परंपरा वेगळी. शिवाय पन्नास वर्षांत तीन मेस्त्र्यांनी आपापल्या बंडलातली वायर जोडलेली असते, आणि बाजारातल्या नव्या स्विचच्या शेपटीचे रंग आणखी निराळे. करंटला रंगाशी काही देणंघेणं नसतं.

स्टेअरिंग सरळ झालं की दांडी आपोआप परत येते, त्यामागेही एक सुरेख युक्ती आहे. स्टेअरिंगबरोबर फिरणाऱ्या भागाला एक उंचवटा असतो आणि स्विचला स्प्रिंगवरची बोटं. वळताना उंचवटा बोटाला एका बाजूला लववून निघून जातो, काही होत नाही. परत येताना तेच बोट दुसऱ्या बाजूने अडतं आणि दांडीला मध्ये ढकलतं. एका दिशेने वाट देणारं आणि दुसऱ्या दिशेने अडवणारं हे बोट नखाएवढंही नसतं. स्विच बदलताना स्टेअरिंग काढून एखादा दाता इकडे-तिकडे बसवलं, तर एका बाजूची दांडी लवकर परत येते आणि दुसऱ्या बाजूची उशिरा. तो दोष वायरिंगचा नव्हे.

वायरी बरोबर, फ्लॅशर बरोबर, तरी कधीकधी गाडी भुताटकी झाल्यासारखी वागते. डावा इंडिकेटर टाकला की मागचा डावा दिवा मंद होतो आणि त्याच्या तालावर दोन्ही ब्रेकचे दिवे हलके उजळतात. उजवीकडचासुद्धा! त्याचा या कामाशी काय संबंध? मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत नवलाचा भाग वाटतो.

मागच्या डाव्या कोपऱ्यात इंडिकेटर, ब्रेक आणि टेल यांचे बल्ब एकाच पत्र्याच्या पाटावर बसलेले असतात. तिघांचा करंट त्या पाटावरून एका स्क्रूने बॉडीत उतरतो आणि बॉडीतून बॅटरीला परत जातो. तो स्क्रू गंजला की परतीची वाट बंद. हमरस्ता बंद झाल्यावर एस.टी. जशी गावातल्या बोळांतून वळसा घालून पुढच्या फाट्याला लागते, तसा करंट आपली वाट काढतो. इंडिकेटरच्या तारेतून पाटावर येतो, तिथून डाव्या ब्रेकच्या बल्बमध्ये उलटा शिरतो, ब्रेकच्या वायरने उजव्या कोपऱ्यात जातो आणि तिथल्या ब्रेकच्या बल्बमधून, चांगल्या स्क्रूने, बॉडीत उतरतो. तीन बल्ब एकापाठोपाठ, १२ व्होल्ट तिघांत वाटले गेलेले, म्हणून तिघेही मंद. थोडा करंट टेलच्या बल्बमधूनही पळतो. पाटापासून बॉडीच्या घासलेल्या पत्र्यावर तारेचा एक तुकडा टेकवा, भुताटकी जागच्या जागी थांबते. स्विच बदलण्याआधी हे करून बघितलं तर पुष्कळदा स्विच बदलावाच लागत नाही.

बल्बमधून करंट उलटा जाण्याचा हा प्रकार बिघाडच असतो असंही नाही. कित्येक जुन्या गाड्यांत आणि मोटारसायकलींत डावं-उजवं दोन्हीसाठी डॅशबोर्डवर एकच खुणेचा दिवा असतो. त्याचं एक टोक डाव्या वायरला जोडतात, दुसरं उजव्या. बॉडीला काहीच नाही! तरी तो दोन्हींकडे लागतो. डावीकडे करंट सोडला की तो खुणेच्या दिव्यातून उजव्या बाजूच्या थंड बल्बमध्ये जातो आणि तिथून बॉडीत. मग उजवे बल्ब का लागत नाहीत? बल्बची तार थंड असताना तिचा अडथळा तापलेल्या तारेच्या साधारण दहाव्या भागाएवढा असतो. २१ वॉटच्या जळत्या बल्बचा सात ओहमच्या आसपास, तर थंड बल्बचा एक ओहमसुद्धा नाही. तीन वॉटच्या खुणेच्या दिव्याचा जळताना जवळजवळ पन्नास ओहम. त्यामुळे १२ व्होल्टपैकी जवळपास सगळे त्या इवल्या दिव्यालाच मिळतात आणि मोठ्या बल्बांना चाहूलही लागत नाही. एका क्षणी दिवा म्हणून जळणारा बल्ब पुढच्या क्षणी नुसती वायर होऊन दुसऱ्याला वाट देतो. ही जोडणी ज्याला पहिल्यांदा सुचली, त्याला माझा मनापासून नमस्कार. आणि एल.ई.डी. लावल्यावर चारही इंडिकेटर एकदम का लुकलुकायला लागतात, त्याचंही उत्तर यातच आहे. खुणेच्या दिव्यातून झिरपणारा थोडा करंटसुद्धा एल.ई.डी. पेटवायला पुरतो.

कुर्ल्यातच जुळवलेल्या डॉज-प्लिमथच्या काळातल्या अमेरिकन गाड्यांचं कोडं आणखी गुंतागुंतीचं. त्यांतल्या पुष्कळ गाड्यांत मागचा एकच बल्ब ब्रेकचंही काम करतो आणि वळण्याचंही, म्हणून ब्रेकची वायरही इंडिकेटरच्या स्विचमधूनच जाते. तिथे ब्रेकची आणि फ्लॅशरची वायर अदलाबदल झाली तर चावी फिरवताच, कशालाही हात न लावता, मागचे दोन्ही दिवे लुकलुकू लागतात. डावा इंडिकेटर टाकला तर डावीकडचे दिवे ब्रेक दाबला तरच लागतात, आणि उजवीकडचा मागचा मात्र लुकलुकतच राहतो. इथेही गाडी नियमानेच वागते. तिचं लक्षण बोट ठेवून दोन वायरी दाखवतं.

शेवटी तपासणीच्या हत्याराबद्दल. मल्टिमीटर हे फार चांगलं यंत्र आहे, पण इंडिकेटरच्या बाबतीत ते चकवतं. गंजलेल्या जोडातही ते पूर्ण १२ व्होल्ट दाखवतं, कारण मोजायला त्याला जवळजवळ करंट लागतच नाही. प्रत्यक्ष दिवे लावताना साडेतीन अँपिअर जायचे असतात, आणि त्या गंजाच्या थरावर बरेचसे व्होल्ट खर्च होऊन जातात. म्हणून २१ वॉटच्या बल्बला दोन तारा लावून केलेला टेस्ट लँप इथे जास्त खरा. एक तार बॉडीच्या स्वच्छ पत्र्याला, दुसरी एकेका जोडाला: आधी फ्यूजच्या अलीकडे, मग पलीकडे, मग फ्लॅशरच्या बॅटरीकडच्या ‘बी’ टर्मिनलवर. तिथवर करंट सलग असतो, त्यापुढे दिव्यांकडचं ‘एल’ टर्मिनल आणि दांडी टाकलेला स्विच यांवर लँप फ्लॅशरच्या तालात लुकलुकेल. मीटर १२ दाखवतोय आणि लँप ज्या जोडानंतर मंद झाला, तो जोड उघडायचा, पॉलिश पेपरने घासायचा, वायरच्या टोकाचा लग नवा दाबायचा आणि लँप पुन्हा त्याच जागी टेकवून बघायचा.